पुराचा धडा कोणत्या तासाला घ्यायचा?

आदरणीय सर, सप्रेम नमस्कार.

मी शिरोळ तालुक्यातील नदीकाठच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत तिसरी आणि चौथीचे वर्ग एकत्र सांभाळते. यंदा केंद्राच्या शिक्षण परिषदेत असे ठरले की नैसर्गिक आपत्तींचा विषय वेगळा तास न ठेवता भाषा, गणित, परिसर अभ्यास, कला अशा सर्व विषयांतून शिकवावा. पाठ्यपुस्तकातला भाग पुरा करतानाच माझी दमछाक होते, त्यात हे कुठे बसवावे हे सुचत नाही. पालक म्हणतात, "बाई, पूर आम्ही जन्मापासून बघतोय, पोरांना उगाच घाबरवू नका." शाळेचे रंगकाम निघाले आहे आणि भिंतीवरची २०१९ च्या पाण्याची खूण झाकावी की ठेवावी यावरही दोन मते आहेत. आणखी एक विचारायचे होते. चौथीतला एक मुलगा जोराचा पाऊस आला की बाक सोडून खिडकीशी उभा राहतो आणि रडू लागतो. त्याच्यासमोर हा विषय काढावा का?

— एक शिक्षिका, शिरोळ तालुका

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तुम्ही शेवटी आणि काहीसा संकोचून विचारला आहे, म्हणून उत्तराची सुरुवात मी तिथूनच करतो. त्या मुलासमोर हा विषय जरूर काढा, कारण तुम्ही काढला नाही तरी तो त्याच्या मनात रोज निघतोच आहे. मात्र त्याला "घाबरू नकोस, काही होत नाही" असे सांगू नका. काय होते ते त्याने पाहिलेले आहे, आणि घरात ते वारंवार ऐकलेलेही आहे. त्याला जे खरे आहे तेच सांगा. आपल्याकडे नदीचे पाणी अचानक अंगावर येत नाही, ते चढत चढत येते. ते किती चढले हे मोजता येते, आणि किती चढले की आपण गाव सोडायचे हे मोठ्या माणसांनी आधी ठरवता येते. यातले पहिले दोन भाग तुम्ही वर्गात शिकवू शकता. तिसऱ्या भागासाठी पालकांना सोबत घ्यावे लागेल, त्याविषयी शेवटी लिहितो.

या मुलाला वर्गाच्या पर्जन्यमापकाची जबाबदारी द्यावी असे मला वाटते. सरळ बाजूंची प्लॅस्टिकची बाटली घ्या, तिचा वरचा निमुळता भाग कापून तो उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा. बाटलीचा तळ खोलगट असतो, म्हणून तळाशी थोडे पाणी ओतून त्या पातळीला शून्याची रेघ मारा आणि तिथून वर पट्टीने मिलिमीटरच्या खुणा करा. बाटली झाडाखाली किंवा पागोळीखाली नको, उघड्यावर विटांच्या आधाराने ठेवा. रोज परिपाठाच्या आधी त्याने आकडा वाचावा, फळ्याच्या कोपऱ्यात लिहावा आणि पाणी पुन्हा शून्याच्या रेघेपर्यंत आणावे. ज्या पावसाला तो भितो तो पाऊस 'काल २२ मिलिमीटर' असा त्याच्या स्वतःच्या अक्षरात फळ्यावर दिसू लागला की त्याचे पावसाशी असलेले नाते हळूहळू बदलेल. तरीही त्याचे रडणे काही आठवडे तसेच राहिले, झोप उडाली किंवा अंथरूण ओले होऊ लागले, तर मात्र हे काम शिक्षकाचे नाही. पालकांशी एकांतात बोला आणि त्यांना १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक द्या. तिथे मराठीतून समुपदेशकाशी बोलता येते.

आता तास कुठून काढायचा याविषयी. शिक्षण परिषदेत असा निर्णय झाला की पुष्कळ शाळांत प्रत्येक विषयाला आपत्तीची एकेक चिठ्ठी चिकटवली जाते: मराठीत 'पूर' या विषयावर निबंध, चित्रकलेत पुराचे चित्र, कार्यानुभवात कागदाचा ज्वालामुखी, आणि अहवालात सर्व विषयांपुढे बरोबरची खूण. याने मुलाच्या हाती काहीच लागत नाही. आपण अध्यापक विद्यालयात समवाय पद्धत शिकलो ती अशी नव्हती. तीत प्रश्न एक असतो आणि त्या प्रश्नाचा जो भाग ज्या विषयाने सुटतो तो त्या विषयाकडे जातो. तुमच्या गावासाठी तो प्रश्न तयारच आहे: आपल्या दारात येणारे पाणी कुठून येते, किती वेगाने येते आणि ते आले की मी काय करायचे? हा प्रश्न धरून चाललात तर वेगळा तास लागत नाही, कारण मोजमाप, नकाशा, सूचनालेखन, पाण्याची स्वच्छता हे सगळे तुमच्या पाठ्यक्रमात आहेच. फक्त पुस्तकातल्या उदाहरणाच्या जागी गावातले उदाहरण घ्यायचे.

माझ्या मते या विषयाचे खरे घर गणितात आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. पावसाळ्यात कोल्हापूर जिल्ह्यातले प्रत्येक मूल 'राजाराम बंधारा' हे शब्द बातम्यांत ऐकते. कसबा बावड्याजवळच्या या बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. या दोन आकड्यांत चार फूट, म्हणजे ४८ इंचांचे अंतर आहे. पाणी तासाला दोन इंचांनी चढत असेल तर इशाऱ्यापासून धोक्यापर्यंत २४ तास मिळतात, चार इंचांनी चढू लागले तर १२ तास. चौथीच्या मुलाला हा भागाकार करता येतो, आणि तो करताना त्याला कळते की बातमीतल्या नुसत्या पातळीइतकाच चढण्याचा वेगही महत्त्वाचा आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ही पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती, म्हणजे धोक्याच्या रेघेवर आणखी १२ फूट पाणी. वर्गाच्या भिंतीवर १२ फूट मोजायला लावा. बहुधा छत आड येईल आणि मुले स्वतःच पुढचे प्रश्न विचारू लागतील. एक सावधगिरी मात्र हवी. राजाराम बंधाऱ्याचे आकडे तुमच्या गावाला जसेच्या तसे लागू होत नाहीत, कारण तुमच्याजवळच्या पुलावरच्या किंवा घाटावरच्या मोजपट्टीचे शून्य वेगळे असते. तुमच्या गावाच्या इशारा आणि धोका पातळ्या ग्रामपंचायतीकडून किंवा पाटबंधारे विभागाच्या शाखेतून लिहून आणा आणि दोन्ही ठिकाणचे रोजचे आकडे शेजारी शेजारी नोंदवा. कोल्हापुरात पाणी सर्वांत जास्त कोणत्या दिवशी होते आणि आपल्याकडे कोणत्या दिवशी, हा फरक मुलांनी आपल्या वहीतून शोधून काढला तर तो त्यांना जन्मभर पुरेल.

दुसरे गणित राधानगरीचे. या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत आणि पूर्ण उघडलेल्या एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी बाहेर पडते, हे आपण दर पावसाळ्यात वाचतो. १४२८ गुणिले सात म्हणजे ९९९६. पण क्युसेक म्हणजे काय हे मोठ्यांनाही सहसा सांगता येत नाही. सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे २८ लिटर. या हिशेबाने एका दरवाजातून सेकंदाला साधारण ४० हजार लिटर पाणी येते, म्हणजे १० हजार लिटरचे चार टँकर प्रत्येक सेकंदाला. हा गुणाकार मुलांकडूनच करून घ्या, तुम्ही आधी उत्तर सांगू नका. पर्जन्यमापकाशीही असेच जोडता येते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, त्यामुळे ६० चौरस मीटरच्या शाळेच्या छपरावर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर १५०० लिटर पाणी वाहून गेले. एका छपराचे एवढे, मग डोंगरभर पावसाचे किती, असा विचार त्यांच्या मनात आपोआप येतो.

भिंतीवरच्या खुणेचा प्रश्नही इथेच सुटतो. ती झाकू नका, पण वर्गात मुलांच्या नजरेसमोर सतत राहील अशीही ठेवू नका. मुलांकडून जमिनीपासून टेपने तिची उंची मोजून घ्या, मग वर्गाच्या आतली खूण रंगात जाऊ द्या आणि व्हरांड्याच्या खांबावर त्याच उंचीला एक आडवी रेघ आणि '२०१९' एवढेच लिहा. २०२१ चे पाणी कुठवर आले होते हे गावात कुणाला नक्की सांगता आले तर तीही रेघ मारा. गावातल्या पुढच्या पिढीला लागणारी माहिती शाळेने जपायची नाही तर कुणी?

परिसर अभ्यासात एक गोष्ट आवर्जून शिकवा, कारण ती तुमच्या तालुक्याची खास आहे. शिरोळमध्ये पाऊस तसा बेताचाच असतो. जिल्ह्यातला धो धो पाऊस पडतो तो पश्चिमेला, गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडच्या घाटमाथ्यावर. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांचे पाणी घेऊन पंचगंगा कोल्हापूर शहराजवळून वाहत तुमच्याकडे येते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. म्हणून तुमच्या गावात लख्ख ऊन पडलेले असतानाही पाणी चढू शकते. आभाळ मोकळे झाले म्हणजे धोका टळला, ही समजूत मोठ्यांमध्येही पक्की असते आणि ती घातक आहे. मैदानात मातीचा उतार करून दोन चर काढा आणि ते खाली एकमेकांना मिळवा. संगमाच्या पुढचा चर मुद्दाम सपाट आणि अरुंद ठेवा. आधी कृष्णेच्या चरात झारीने पाणी सोडा आणि तो भरून वाहू लागला की पंचगंगेच्या चरात सोडा. पंचगंगेचे पाणी पुढे सरकायला जागा मिळत नाही, ते मागे फुगते आणि काठावरच्या काडीच्या घरांत शिरते, हे मुलांना डोळ्यांनी दिसते. आपल्याकडे ज्याला फुगवटा म्हणतात तो हाच. नृसिंहवाडीच्या दत्त मंदिरातला दक्षिणद्वार सोहळा मुलांनी पाहिलेला असतो. तिथे पादुकांवरून वाहत दक्षिण दाराने बाहेर पडणारे पाणी भाविकांसाठी पर्वणी असते, आणि तेच पाणी आणखी चढले की गावांना बाहेर पडावे लागते. नदीविषयीची भक्ती आणि सावधपणा या दोन्ही गोष्टी आपल्या माणसांच्या मनात एकत्र नांदतात. मुलांना त्यांतली एक निवडायला लावू नका.

"आलमट्टीमुळे पूर येतो का?" हा प्रश्न तुमच्या वर्गात येणारच. कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या या धरणावरून मोठ्या माणसांत आणि दोन राज्यांत मतभेद आहेत, एवढे प्रामाणिकपणे सांगा आणि पुढे जा. घाटावरचा पाऊस, धरणांतून सुटणारे पाणी, संगमाजवळचा सपाट उतार, पूररेषेच्या आत झालेली बांधकामे अशी अनेक कारणे एकत्र येतात, हे नऊ वर्षांच्या मुलाला समजते. त्याला एकच खलनायक दाखवला की तो विचार करणे थांबवतो. इतिहासाचा धागा इथेच जोडता येईल. राधानगरीचे धरण राजर्षी शाहू महाराजांनी हाती घेतले ते दुष्काळाचे चटके पाहून, पाणी अडवून ते शेतीला देण्यासाठी. आज मुलांना ते नाव फक्त पुराच्या बातमीत ऐकू येते, त्यामुळे हे मुद्दाम सांगायला हवे.

भाषेच्या तासाला माझी एक कळकळीची विनंती आहे. 'पूरग्रस्ताचे मनोगत' हा निबंध देऊ नका. ज्याच्या घरात पाणी शिरले त्या मुलाने आपले दुःख पंधरा ओळींत मांडायचे आणि त्यावर आपण शुद्धलेखनाच्या लाल खुणा करायच्या, हे मला कधीच पटलेले नाही. मूल आपणहून बोलले तर पूर्ण ऐका, न बोलले तर विचारू नका. भाषेचे काम इथे वेगळे आहे. ग्रामपंचायतीची सूचना लिहायला शिकवा: कोणी, कधी, कुठे, काय करायचे, चार छोट्या वाक्यांत. मग तिसरीच्या मुलाने ती मोठ्याने वाचावी आणि चौथीच्या मुलांनी न बघता सांगावी. जिथे चूक होते तिथे वाक्य चुकलेले असते, ऐकणारा नाही. दुसरे काम अफवा ओळखण्याचे. पुराच्या दिवसांत 'धरण फुटले' असा संदेश मोबाइलवर फिरला की घरात पळापळ होते. हे कोणी सांगितले, कधी सांगितले आणि खात्री कुठे करायची, हे तीन प्रश्न विचारायची सवय मुलाला लागली तर ते घरातल्या मोठ्यांनाही थांबवू शकते. खात्री करण्यासाठी जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक पाढ्यांसारखे तोंडपाठ करून घ्या.

आणि गाणे. इंडोनेशियातल्या सुमात्राजवळच्या सिमलू बेटावर १९०७ मध्ये त्सुनामीने मोठी हानी केली. वाचलेल्यांनी ती आठवण गाण्यात आणि गोष्टीत ठेवली: जमीन जोरात हादरली आणि समुद्र मागे हटला की कशाचीही वाट न पाहता डोंगरावर पळा. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत हे बेट भूकंपाच्या केंद्राच्या अगदी जवळ होते. तिथली लोकसंख्या ७०-८० हजारांच्या घरात, आणि त्सुनामीने गेलेल्यांचा आकडा एकअंकी. अंगाईत ऐकलेली सूचना तिथे तीन पिढ्यांनंतर कामी आली. तुमच्या गावातल्या आज्यांना अजून ओव्या येतात. त्यांतल्या एखाद्या आजीला शाळेत बोलवा आणि पाणी चढले की काय करायचे हे सांगणाऱ्या चार ओव्या मुलांसोबत रचून घ्या. फळ्यावरच्या सूचनेपेक्षा त्या जास्त टिकतील.

आरोग्याचा भाग पाणी ओसरल्यानंतरचा आहे आणि तो पुष्कळदा राहूनच जातो. पाणी उकळून प्यायचे, पायाला जखम असेल तर चिखलात उतरायचे नाही कारण लेप्टोस्पायरोसिसचे जंतू जखमेतून शिरतात, आणि भिजलेल्या घरात अडगळीत हात घालायचा नाही कारण सापही कोरडी जागा शोधत आलेले असतात. साप चावला तर मांत्रिकाकडे नव्हे, थेट सरकारी दवाखान्यात. घरातला मेन स्विच मोठ्यांनी बंद केल्याशिवाय ओल्या भिंतीला हात लावायचा नाही, हेही सांगा.

शारीरिक शिक्षणात तुमच्या मुलांसाठी एक अवघड गोष्ट आहे. नदीकाठची मुले लहानपणापासून पोहतात आणि त्यांना त्याचा अभिमान असतो. त्या अभिमानाला धक्का न लावता सांगायचे की पुराचे पाणी पोहण्याचे पाणी नाही. जोराने वाहणारे जेमतेम १५ सेंटिमीटर पाणीही मोठ्या माणसाचा पाय उचलू शकते आणि दोन फूट पाण्यात मोटार तरंगू लागते. पट्टीने १५ सेंटिमीटर आपल्या पायावर मोजून बघा, असे सांगितले की मुले गप्प होतात. पाणी आलेल्या पुलावरून जायचे नाही, हा नियम त्यानंतर सांगा, आधी नको. चित्रकलेबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. घरापासून गावातल्या सर्वांत उंच ठिकाणापर्यंतच्या वाटेचे चित्र काढून घ्या, आणि कुणी आपणहून पुराचे चित्र काढले तर त्याला गुण देऊ नका व ते प्रदर्शनात लावू नका.

बाकीच्या आपत्तींचे काय, असे तुम्ही विचाराल. त्या त्या ऋतूत त्यांना थोडा थोडा वेळ द्या. एप्रिल-मेमध्ये वळीव येतो तेव्हा विजेचा: वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे, त्याला तीनने भागले की ती साधारण किती किलोमीटरवर आहे ते कळते. गडगडाट ऐकू आला की झाडाखाली किंवा उघड्या रानात न थांबता पक्क्या घरात जायचे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच राहायचे. हिवाळ्यात भूकंपाचा, कारण कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप आपल्या जिल्ह्यातल्या वृद्धांना आठवतो आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा सगळ्या महाराष्ट्राला. खाली बसा, बाकाखाली डोके झाका, बाकाचा पाय धरून ठेवा, एवढा सराव पुरेसा आहे. दरडीचा धडा माळीणसारख्या डोंगरउतारावरच्या गावांसाठी, म्हणजे आपल्याकडे पश्चिमेच्या तालुक्यांतल्या शाळांसाठी अधिक गरजेचा आहे. ज्वालामुखी पुस्तकात आहे तेवढाच शिकवा.

पालकांचा आक्षेप मनाला लावून घेऊ नका. ते पूर जन्मापासून पाहत आले आहेत हे खरेच आहे आणि त्यांना जे ठाऊक आहे ते तुम्हाला आणि मला ठाऊक नाही. म्हणून त्यांना शिकवायला बोलावू नका, विचारायला बोलवा. शाळा सुरू झाल्यावर जूनमध्येच, नदी पात्रात असताना, शाळा व्यवस्थापन समितीची बैठक घ्या आणि मुलांच्या वहीतले आकडे पुढे ठेवून एकच प्रश्न विचारा: आपण कोणत्या पातळीला निघायचे? २०१९ मध्ये अनेक कुटुंबे उशिरापर्यंत थांबली ती हट्टाने नव्हे. गोठ्यातल्या म्हशी कुठे न्यायच्या आणि त्यांना वैरण कुठली, याचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते. म्हणून ग्रामपंचायतीकडून जनावरांच्या छावणीची जागा आणि तिथे जायची वाट आधीच विचारून घ्या. मग प्रत्येक मुलाने घरच्यांशी बोलून आपल्या घराची एक यादी स्वतःच्या अक्षरात लिहावी: कोणत्या पातळीला निघणार, कुठे जाणार, आजी-आजोबांना कोण नेणार, रेशनकार्ड, आधार, औषधे आणि शाळेचे दप्तर कोणत्या पिशवीत. ती यादी दाराच्या मागे लावायची, आणि तिच्यातला पहिला रकाना जनावरांचा ठेवायचा.